क्रोन्स, कॉलेज आणि वैद्यकीय गांजा : कार्ड काढण्याआधी आणि काढल्यावर

अमेरिकेत शिकणाऱ्या आणि क्रोन्स (आतड्याला पुन्हापुन्हा सूज आणणारा जुनाट आजार) असलेल्या मुलामुलींपुढे गांजाचा विषय कधी ना कधी येतोच. शिरेतून औषध देणाऱ्या इन्फ्यूजन सेंटरमध्ये शेजारच्या खुर्चीवरचा पेशंट सुचवतो, रूममेट सुचवतो, एखादे डॉक्टर ‘माझी हरकत नाही’ एवढंच म्हणून विषय संपवतात. कार्ड म्हणजे वैद्यकीय कारणासाठी गांजा घ्यायला राज्याने दिलेली परवानगी. हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: भारतातून एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर एमएस करायला आलेले, आणि तिथंच जन्मलेली मराठी घरांतली मुलं. आजार एकच, पण पहिल्याच पायरीवर दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. गांजामुळे पोटातली कळ, मळमळ, तुटक झोप आणि मेलेली भूक यांत आराम पडू शकतो. आतड्याची सूज त्याने उतरते, असं आजवरच्या चाचण्यांत दिसलेलं नाही. पुढचा प्रत्येक निर्णय या फरकावर ठरतो.

पायरी 1 : पासपोर्ट कुठला आहे ते बघा

तुमच्याकडे अमेरिकेचं नागरिकत्व असेल तर ही पायरी ओलांडा. नसेल तर इथं थांबून नीट वाचा.

1970 च्या केंद्रीय नियंत्रित पदार्थ कायद्याने गांजा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक बंदीच्या यादीत, टाकला. तो तिसऱ्या अनुसूचीत हलवण्याचा प्रस्ताव न्याय विभागाने 2024 मध्ये मांडला, पण तिसऱ्या अनुसूचीतला पदार्थही नियंत्रितच असतो. राज्याने परवानगी दिली म्हणून इमिग्रेशनच्या डोळ्यांत तो कायदेशीर होत नाही. इमिग्रेशन चालतं केंद्राच्या कायद्यावर. परदेशी नागरिकाने अधिकाऱ्यासमोर ‘हो, मी गांजा घेतला’ असं कबूल केलं, तर खटला चालला नसतानाही प्रवेश नाकारला जाऊ शकतो. 30 ग्रॅमपर्यंतच्या एका गुन्ह्याला सूट आहे असं मुलं एकमेकांना सांगतात. ती सूट देशाबाहेर काढण्याच्या कलमात आहे. भारतात सुट्टी काढून परत येताना जे प्रवेशाचं कलम लागतं, त्यात ती तशी आपोआप मिळत नाही.

व्हिसाच्या डीएस-160 फॉर्ममध्ये नियंत्रित पदार्थांचा कायदा मोडला आहे का, असा सरळ प्रश्न असतो. तिथं खोटं लिहिलं आणि ते उघड झालं, तर चुकीची माहिती दिल्याबद्दलची बंदी कायमची लागते. म्हणजे आज काढलेलं कार्ड उद्या एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या स्टॅम्पिंगला मुंबईत बीकेसीच्या अमेरिकी वकिलातीत किंवा पुढे ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत समोर येऊ शकतं. विमानतळावर अधिकारी फोनही बघू शकतात. डिस्पेन्सरीच्या, म्हणजे गांजा विकणाऱ्या परवानाधारक दुकानाच्या, पावत्या आणि फोटो त्यातच असतात.

बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी मोफत कायदा सल्ला केंद्र असतं. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन सगळं सांगण्याआधी तिथं जा, कारण वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं. आमचं मत विचाराल तर एफ-1 वर असताना राज्याचं कार्ड काढू नये. तुमच्यासाठी वेगळा रस्ता पाचव्या पायरीत आहे.

पायरी 2 : चाचण्या काय सांगतात ते समजून घ्या

इस्रायलमधल्या एका गटाने 2013 मध्ये क्रोन्सच्या 21 रुग्णांवर चाचणी केली. अर्ध्यांना 115 मिलिग्रॅम टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) असलेली गांजाची सिगारेट दिवसातून दोनदा, उरलेल्यांना टीएचसी काढून टाकलेली. आठ आठवड्यांनी गांजाच्या गटातल्या 11 पैकी 10 जणांची लक्षणं बऱ्यापैकी कमी झाली, दुसऱ्या गटात 10 पैकी 4 जणांची. आजार पूर्ण शांत झाला असे अनुक्रमे 5 आणि 1, पण एवढ्या कमी रुग्णांत हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. रक्तातला सीआरपी (सूज दाखवणारा आकडा) तर हललाच नाही.

त्याच गटाने 2017 मध्ये 10 मिलिग्रॅम सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) दिवसातून दोनदा देऊन पाहिलं. काही उपयोग झाला नाही. 2021 मध्ये 56 रुग्णांच्या चाचणीत एका गटाला सीबीडी जास्त आणि टीएचसी कमी असलेलं तेल दिलं. त्या गटाला बरं वाटलं, पण दुर्बिणीतून दिसणारे व्रण तसेच राहिले.

असं का होतं? लक्षणं मोजायला जी सीडीएआय नावाची गुणपद्धत वापरतात, तिच्यातला मोठा भाग रुग्णाने आठवडाभर भरलेल्या नोंदींवर असतो: किती वेळा पातळ शौच झालं, पोट किती दुखलं, एकूण कसं वाटलं. गांजा नेमकं हेच बदलतो. आतड्याची हालचाल मंदावते, दुखणं बोथट होतं, गुण सुधारतात. व्रणाला त्याचा पत्ता नसतो. सहा महिन्यांहून जास्त काळ गांजा घेणाऱ्या क्रोन्स रुग्णांत शस्त्रक्रियेचं प्रमाण जास्त असल्याचं 2014 च्या एका कॅनेडियन पाहणीत आढळलं. ज्यांचा आजार मुळात जोरात होता तेच गांजाकडे वळले असंही असू शकेल, त्यामुळे कारण-परिणाम त्यावरून ठरत नाही. तरी ‘बरं वाटतंय’ म्हणत औषध सोडणाऱ्याने ते वाचावं.

पायरी 3 : सुरू करण्याआधी मोजमाप घ्या

पहिली गोळी किंवा गमी (गांजाचा अर्क घातलेली चघळायची गोळी) घेण्याआधी तीन आकडे कागदावर हवेत: मळातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला सूज आली की वाढणारं प्रथिन), सीआरपी आणि वजन. कॅलप्रोटेक्टिन ग्रॅममागे 50 मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. 250 च्या वर गेलं तर आत सूज चालू आहे असं धरून चला, कळ असो वा नसो. आयबुप्रोफेननेही हा आकडा वाढतो आणि क्रोन्स भडकूही शकतो. अंगदुखीला हॉस्टेलात सर्रास मिळणारी ती लाल-तपकिरी गोळी टाळा आणि ॲसिटामिनोफेन, म्हणजे पॅरासिटामॉल, घ्या.

8 ते 12 आठवड्यांनी तेच तीन आकडे पुन्हा. कळ गेली पण कॅलप्रोटेक्टिन चढलं, तर गांजाने आजार झाकला आहे आणि मूळ औषध वाढवण्याची किंवा बदलण्याची वेळ आली आहे. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब, वेडोलिझुमॅब, उस्टेकिनुमॅब, रिसांकिझुमॅब, उपाडासिटिनिब अशी फळी आज उपलब्ध आहे. यातलं एक औषध चाललं नाही म्हणजे सगळे रस्ते संपले असं नव्हे.

पायरी 4 : पोटाच्या डॉक्टरांशी बोला, नेमकं बोला

‘मेडिकल मारिवाना कसं वाटतं?’ असं विचारलं तर गोलगोल उत्तर मिळेल. त्यापेक्षा असे प्रश्न न्या:

- माझ्या शेवटच्या एमआर एन्टेरोग्राफीत (लहान आतड्याच्या एमआरआयत) स्ट्रिक्चर आहे का? आतडं अरुंद झालेलं असेल तर त्याची हालचाल आणखी मंद करणारी कुठलीही गोष्ट धोक्याची. अडथळ्याची पहिली कळ गांजाने दबली, तर इमर्जन्सीत पोचायला उशीर होतो.
- माझ्या औषधांशी टक्कर होते का? सीबीडी यकृतातल्या सीवायपी3ए4 आणि 2सी19 या एन्झाइमांना अडवतं. ब्युडेसोनाइड, टोफासिटिनिब, उपाडासिटिनिब यांचा निचरा मुख्यतः 3ए4 वरून होतो. नैराश्यावर सिटालोप्राम किंवा एस्सिटालोप्राम चालू असेल तर त्याची पातळी वाढू शकते. मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रीनवर असाल तर यकृताच्या चाचण्या लवकर करून घ्याव्यात, कारण जास्त डोसचं सीबीडीही यकृताची एन्झाइम्स वाढवतं.
- माझी प्रतिकारशक्ती औषधाने दबलेली आहे. फुलं ओढणं चालेल का? प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असंच येईल. वाळलेल्या फुलांत ॲस्परजिलस ही बुरशी असू शकते आणि ती थेट फुप्फुसात जाते.

घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर तेही सांगा. विशीच्या आसपासच्या मेंदूवर टीएचसीचा परिणाम जास्त होतो. आपल्याकडे हे विषय नातेवाइकांत ‘मावशीला जरा त्रास होता’ एवढ्यावरच थांबतात, तेव्हा आईला फोन करून नीट विचारून घ्या.

भारतात निदान झालेल्यांसाठी एक जादा काम. क्रोन्सच्या आधी सहा-नऊ महिने आतड्याच्या टीबीची औषधं घेतलेले आपल्यात बरेच आहेत. बायोप्सीचे रिपोर्ट, कोलोनोस्कोपीचे फोटो आणि निदानाचं शेवटचं पत्र स्कॅन करून इंग्रजीत हाताशी ठेवा. कार्डासाठी प्रमाणपत्र देणारे डॉक्टर निदानाचा कागद मागतात, ‘आयबीडी (क्रोन्ससारखे आतड्याच्या सुजेचे आजार) आहे’ हे तोंडी सांगणं चालत नाही.

पायरी 5 : एफ-1 वाल्यांचा रस्ता

ड्रोनाबिनॉल हे प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसी. एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ते 1985 मध्ये मंजूर केलं. मंजुरी आहे केमोथेरपीची मळमळ आणि एड्समध्ये भूक जाणं यांसाठी, क्रोन्ससाठी नाही. पण डॉक्टर आपल्या अधिकारात इतर कारणासाठी ते लिहून देऊ शकतात. तिसऱ्या अनुसूचीतलं हे औषध साध्या फार्मसीत प्रिस्क्रिप्शनवर मिळतं, म्हणून केंद्राच्या कायद्यात बसतं. कॅप्सूल 2.5, 5 आणि 10 मिलिग्रॅमच्या असतात. आत तिळाचं तेल असतं, तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांना चालत नाही. विमा कंपनी क्रोन्ससाठी पैसे नाकारू शकते, तेव्हा जेनेरिकची रोख किंमत आधी विचारा. सूज यानेही उतरत नाही. मळमळीने जेवण तुटलं असेल आणि सहा महिन्यांत वजन झरझर उतरलं असेल, तिथं विचार करण्यासारखं आहे.

पायरी 6 : कार्ड

नियम राज्यागणिक वेगळे. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, ॲरिझोना, फ्लोरिडा, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, ओहायो, न्यू जर्सी, इलिनॉय इथल्या यादीत क्रोन्स किंवा आयबीडी स्पष्ट लिहिलेलं आहे. टेक्सासने 2025 मध्ये आपल्या मर्यादित योजनेत क्रोन्स घातलं. न्यूयॉर्कमध्ये यादीच उरलेली नाही, डॉक्टरला योग्य वाटलं की झालं.

क्रम साधारण असा. आधी राज्याचं ओळखपत्र किंवा लायसन्स काढा. विद्यापीठाचं आयडी चालत नाही आणि दुसऱ्या राज्याचं लायसन्स बहुतेक ठिकाणी नाकारतात. मग राज्याच्या आरोग्य खात्याच्या पोर्टलवर नाव नोंदवा, नोंदणीकृत डॉक्टरकडून प्रमाणपत्र घ्या, फी भरा. पेनसिल्व्हेनियात फी 50 डॉलर, फ्लोरिडात 75, ॲरिझोनात 150. डॉक्टरची फी वेगळी, आणि यातलं काहीही विमा देत नाही. डिस्पेन्सरीतही क्रेडिट कार्ड सहसा चालत नाही, रोख किंवा डेबिट लागतं. 18 पूर्ण असलं की स्वतः अर्ज करता येतो. मात्र कोलोरॅडोत 18 ते 20 वयाच्या रुग्णाला दोन वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या दोन डॉक्टरांची सही लागते.

शंभर-दीडशे डॉलर घेऊन पाच मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर प्रमाणपत्र देणारे दवाखाने भरपूर आहेत. कायद्यात ते बसतात. पण स्ट्रिक्चरचं विचारणारा त्यांत विरळाच, म्हणून चौथी पायरी त्यांच्यावर सोडू नका.

पायरी 7 : विद्यापीठ

1989 च्या ड्रग-फ्री स्कूल्स कायद्यामुळे केंद्राचा निधी घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला कॅम्पसवर गांजा बंद ठेवावाच लागतो. कार्ड असलं तरी हॉस्टेलच्या खोलीत, पार्किंगमधल्या गाडीत, कॅम्पसवरच्या बाकावर, कुठंच नाही. काही विद्यापीठं कार्ड असलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बाहेर राहायची सूट देतात. हाउसिंग कार्यालयाला लेखी विचारा. बाहेरच्या घराच्या भाडेकरारातही धूम्रपानबंदीचं कलम असू शकतं.

अपंगत्व सेवा कार्यालय गांजासाठी काही करू शकत नाही. क्रोन्ससाठी मात्र बरंच करू शकतं, आणि हे मुलं मागतच नाहीत. परीक्षेत घड्याळ थांबवून बाथरूमला जाण्याची मुभा, स्वतंत्र बाथरूमची खोली, इन्फ्यूजनच्या दिवशी हजेरीत सूट, मेस प्लॅनमधून सुटका. डॉक्टरचं एक पत्र घेऊन सेमिस्टर सुरू होण्याआधी जा. भर परीक्षेत कळ आली की मग अर्ज करणाऱ्याला ते काही मदत करू शकत नाहीत.

नोकरीची लघवी तपासणी विसरू नका. क्वचित घेणाऱ्याच्या लघवीत टीएचसीची खूण सुमारे तीन दिवस सापडते, रोज घेणाऱ्याच्या महिनाभरही. इंटर्नशिप रुग्णालयात, औषध कंपनीत किंवा केंद्राच्या कंत्राटावर असेल तर कार्ड दाखवून सुटका होईलच असं नाही.

पायरी 8 : काय घ्यायचं, किती घ्यायचं

ओढणं आधी बाद करा. तंबाखूत मिसळून तर अजिबात नको, कारण तंबाखूमुळे क्रोन्स पुन्हा उलटतो आणि शस्त्रक्रियेची शक्यता वाढते, हे गांजाबद्दलच्या कुठल्याही माहितीपेक्षा पक्कं आहे. बाहेरची स्वस्त व्हेपची, म्हणजे वाफ ओढायच्या काडीची, नळकांडी घेऊ नका. 2019 मध्ये त्यांतल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटमुळे फुप्फुसं खराब होऊन माणसं दगावली होती. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या डेल्टा-8 (टीएचसीचाच एक भाऊबंद) गमीही नकोत, त्यांत काय आहे हे वेष्टनावरून कळत नाही.

उरतात तेल आणि गमी. तेलाचा हिशोब सोपा: 30 मिलिलिटरच्या बाटलीवर एकूण टीएचसी 300 मिलिग्रॅम लिहिलं असेल तर मिलिलिटरमागे 10. ड्रॉपरवरच्या 0.25 च्या खुणेपर्यंत भरलं की 2.5 मिलिग्रॅम. सुरुवात एवढ्यानेच, रात्री, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेक्चर नसेल अशा रात्री. वाढवायचं तर किमान दोन रात्रींनी आणि 2.5 नेच. 20 मिलिग्रॅमपर्यंत जाऊनही आराम नसेल तर पुढे न जाता डॉक्टरकडे परत जा.

गमीची गडबड वेळेत असते. तोंडावाटे घेतलेलं टीएचसी चढायला अर्धा ते दोन तास लागतात, भर दोन ते चार तासांनी येतो आणि अंमल सहा-आठ तास राहतो. ‘काहीच झालं नाही’ म्हणून तासाभरात दुसरी गमी खाणं हा नवशिक्यांचा नेहमीचा घोळ, त्यातून छातीत धडधड आणि भीतीचा झटका येतो. क्रोन्समध्ये यात आणखी एक भर: लहान आतड्याला सूज असेल किंवा तुकडा काढलेला असेल तर शोषण दिवसागणिक बदलतं. तुपकट जेवणाबरोबर जास्त शोषलं जातं. म्हणून रोज त्याच वेळी, त्याच प्रकारच्या खाण्याबरोबर घ्या. 10 मिलिग्रॅमची गमी चार तुकड्यांत कापली तरी औषध सारखं वाटलं जाईल याची खात्री नसते, 2.5 ची आख्खीच घ्या. साखरविरहित गमीत माल्टिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असू शकतो, त्याने जुलाब होतात आणि दोष क्रोन्सला जातो.

वेष्टनावरचा क्यूआर कोड उघडून लॅबचा अहवाल बघा: तारीख, मिलिग्रॅम, ॲस्परजिलस, सॉल्व्हंट. इंडिका-सटायवा या गांजाच्या जातींच्या गप्पा विक्रेत्याला करू द्या, तुम्ही मिलिग्रॅम वाचा.

घेतल्यावर त्या रात्री गाडी नाही. कार्ड असलं तरी नशेत गाडी चालवणं हा गुन्हाच. राज्याची सीमा ओलांडून नेऊ नका, आणि यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनच्या सहलीलाही नाही. राष्ट्रीय उद्यान ही केंद्राची जमीन.

काय बिघडतं

महिनोन्महिने रोज घेणाऱ्यांत उलट्यांचा एक विचित्र आजार दिसतो, ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी 2004 मध्ये त्याचं वर्णन केलं. दिवसभर ओकाऱ्या, पोटात कळ, आणि कडक पाण्याच्या शॉवरखाली उभं राहिलं की तेवढ्यापुरता आराम. क्रोन्सच्या रुग्णाला वाटतं आजार उलटला, तो गांजा वाढवतो आणि ओकाऱ्याही वाढतात. गरम पाण्याची ही खूण इमर्जन्सीत आपणहून सांगा. उपाय एकच, गांजा पूर्ण बंद.

पोट फुगून कडक झालं, ओकाऱ्या सुरू झाल्या आणि वायूही सरत नाही, असं झालं तर थांबून बघायचं नाही. तो अडथळा असू शकतो, त्याच रात्री इमर्जन्सी गाठा.

कोलोनोस्कोपीच्या आधी भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. नियमित घेणाऱ्यांना भूल जास्त लागू शकते, आणि पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. पोट साफ करण्याच्या रात्री गमी नको. पोलिसांना कळेल या भीतीने भूलतज्ज्ञांपासून लपवण्यात काही अर्थ नाही. त्यांना तुमचा श्वास सांभाळायचा असतो.

सुट्टीत घरी येताना

भारतात वैद्यकीय गांजाचं कार्ड असं काही नाही. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात गांजा आणि चरस गुन्हा आहेत; एक किलोपेक्षा कमी गांजा म्हणजे ‘अल्प प्रमाण’, पण त्यालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. राज्याचं कार्ड, डॉक्टरचं पत्र, डिस्पेन्सरीची पावती मुंबई विमानतळावर कामाची नाहीत; उलट सामानात काय आहे याचा तोच कबुलीजबाब ठरेल. अर्धी गमी आणि सीबीडीचं तेलही आणू नका. दुबई-अबुधाबीमार्गे येणाऱ्यांनी तर बॅगेचे कप्पे आधी झटकून घ्यावेत.

भांगेची पानं एनडीपीएसच्या व्याख्येत येत नाहीत, आणि ‘विजया’ नावाने आयुर्वेदिक परवान्याखालची तेलं विकली जातात. पण महाराष्ट्रात भांग दारूबंदी कायद्याखाली येते आणि क्रोन्सवर या तेलांचा भक्कम पुरावा नाही. शिवाय अझाथायोप्रीन चालू असताना ते घेतलंत तर यकृताचा त्रास कशामुळे झाला हे पुण्यातल्या डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.

परतीच्या बॅगेत अडालिमुमॅबची पेनं असतील तर ती हातातल्या सामानात, बर्फाच्या पिशवीला थेट न चिकटवता, डॉक्टरच्या पत्रासह ठेवा. मूळ ब्रँडचं पेन 25 अंशांपर्यंतच्या तापमानात 14 दिवस टिकतं. बायोसिमिलर (दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तसंच औषध) असेल तर आपल्या खोक्यावरचा आकडा वाचा, आणि फ्रिजमधून ज्या दिवशी बाहेर काढलं ती तारीख खोक्यावर पेनाने लिहा.